साठ रुपयांत गॅस धरला का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आषाढात आपल्या रविवारच्या पुरवणीत शंभर रुपयांत दिवस काढण्याचा एका तरुणाचा अनुभव आला होता. आयटीतली नोकरी, पगार बरा, तरी महिनाभर रोज शंभर रुपयांतच खायचं असं त्याने ठरवलं आणि निभावलं. लेख मला आवडला. मुलगा खोटं बोलत नाही हे लिहिण्यावरून कळतं, एकदा डाळ कच्ची राहिली तेही त्याने सांगून टाकलंय. फक्त एका ठिकाणी मी अडले. तेल, मीठ, मसाला, गॅस घरात होताच, एवढं म्हणून तो पुढच्या दिवसाच्या पोह्यांकडे वळला आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी. लिहायला गौरी जाऊ द्याव्या लागल्या, कारण आधी स्वतः करून बघितलं.

मी मूळची बार्शीची, पण बरीच वर्षं पुण्यात नवी पेठेत खानावळ चालवते. जेवायला येतात ती बहुतेक राज्यसेवेची, तलाठ्याची, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. दोन वेळचे महिन्याला बत्तीसशे घेते, म्हणजे दिवसाला शंभराच्या वरच. आता यातली काही मुलं दोघांत एक डबा लावतात. माणशी ५३ रुपये पडतात. वर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, की झाला दिवस. (अशा डब्यात मी दोन चपात्या आणि मूदभर भात जास्त टाकते. तो माझा प्रश्न.) त्यांचा अनुभव कुणी छापत नाही, आणि छापला तर ती दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे यायची बंद होतील. तुमची पुरवणी पंगतीत हातोहात फिरली तेव्हा त्यातलाच एक जण हसून म्हणाला, "काकू, शंभर म्हणजे चंगळ की हो." म्हणून मी रक्कम साठ धरली.

नियम माझ्या मुलीने घातले, ती बँकेत आहे, दयामाया नाही. स्वयंपाकघरातला एक कप्पा रिकामा केला. त्यातले डबे धुऊन पालथे घातले. खानावळीच्या कोठीतलं काही घ्यायचं नाही. रोज सकाळी साठ रुपये रोख हातात. उरले तर उद्याला चालतील, पण उद्याचे आज मिळणार नाहीत. त्यातले आठ रुपये गॅसचे म्हणून आधीच एका डबीत टाकायचे. हे आठ असे काढले: घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा, तेव्हा साडेआठशेच्या आसपास होता, म्हणजे किलोला साठ. एका माणसाचं दोन वेळचं आणि चहा धरून सव्वाशे ग्रॅम तरी जातो. राहिले बावन्न.

पहिल्या दिवशी गल्लीतल्या दुकानात गेले. एरवी माझा माल मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून येतो, पण साठ रुपयेवाला माणूस तिथे कशाला जाईल? पीएमपीचं कमीत कमी तिकीट दहा रुपये, जाऊन येऊन वीस तिथेच गेले. शिवाय तिथे पाव किलो मोजून देणार कोण! तर गल्लीत पाव किलो तांदूळ १४, मसूर डाळ शंभर ग्रॅम १०, सुटं तेल दहाचं, खडे मिठाची पुडी ५, तिखट ५, दोन कांदे ६ आणि काडेपेटी २. झाले बावन्न. हळद नाही, मोहरी नाही, चहा नाही, साखर नाही. दुकानदार ओळखीचा, त्याने दोनदा विचारलं, "काकू, मेसला पाव किलो तांदूळ?" मी म्हटलं, उपास सोडायचाय. तो तराजूकडे बघत राहिला. मला ते तेल अजून डोळ्यांपुढे दिसतं. प्लास्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्यात जमलेलं, जेमतेम पन्नास ग्रॅम, वरून गाठ मारलेली. घरी आल्यावर गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापली तर चार थेंब ओट्यावर सांडले, ते बोटाने पुसून मी कढईत घेतले. बत्तीस जणांचा स्वयंपाक करणारी बाई मी!

दहा रुपयांत पन्नास ग्रॅम म्हणजे किलोला दोनशे पडले. लिटरची पिशवी तेव्हा दीडशेला होती आणि तिच्यात नऊशे दहा ग्रॅम तेल असतं, म्हणजे किलोला १६५. तेच तेल, तेच दुकान. ज्वारीचं त्याहून मजेशीर. बावन्न रुपये किलोची मालदांडी घेतली आणि आठ रुपये दळण धरलं तर पीठ साठला पडतं. पण अर्धा किलोचं दळण गिरणीवाला वेगळं काढत नाही, कुणाच्या तरी दळणाच्या मागे टाकतो आणि त्याचं थोडं तुमच्यात, तुमचं थोडं त्याच्यात. आमच्याकडे बार्शीत मायमाउल्या यावरून भांडायच्या. ते नको तर दुकानातलं तयार पीठ घ्या, सत्तरने. चहाची पाच रुपयांची पुडी, मिठाची पुडी, मसाल्याची पुडी, सगळ्याची हीच कथा. ज्याच्याकडे महिन्याचे पैसे एकदम येतात त्याला स्वस्त आणि रोजच्या रोज येतात त्याला महाग. हा काही मी लावलेला शोध नाही, हातावर पोट असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. पण हे चॅलेंजच्या वहीत उतरत नाही, कारण वहीची सुरुवातच भरल्या डब्यांपासून झालेली असते.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी मीठ घ्यायचं नव्हतं, तिखट घ्यायचं नव्हतं, काडेपेटी होती. बावन्नात ज्वारीचं अर्धा किलो पीठ आलं, मूठभर शेंगदाणे आले, चहाची पुडी आणि थोडा गूळ आला. आठवडा उलटला तेव्हा कप्प्यात हळद होती, मोहरी होती, अर्धी वाटी तूर डाळ शिल्लक होती. दुसऱ्या आठवड्यात मी रोजचे थोडे थोडे बाजूला टाकून तेलाची अख्खी पिशवी आणली, त्या दिवशी मला सोनं घेतल्याचा आनंद झाला. तिथून पुढे साठ रुपये पुरायला लागले. पुरायला म्हणजे काय, पोट भरायला. मुलगी म्हणाली, "बघ, जमतं." मी म्हटलं, जमतं, पण मध्येच एक दिवस साठ मिळाले नाहीत तर? तिने खरंच एक दिवस दिले नाहीत. बँकेत आहे म्हटलं ना. कप्प्यातलं सगळं त्या दिवशी पुसून खाल्लं, आणि नंतरच्या सकाळी मी पुन्हा पाव किलो तांदूळ आणि दहाचं तेल घ्यायला उभी होते. ज्याची मजुरी पावसाने बुडते, ज्याचा पोरगा तापाने पडतो, त्याचा पहिला दिवस असा फिरून फिरून येतो. तुमच्या तरुणाचा तो एकदाच आला, आणि तोही आला नाही म्हणा, डबे भरलेले होते.

खाण्याचं सांगायचं तर धान्य कमी पडत नाही. अर्धा किलो ज्वारीत सतराशेच्या आसपास उष्मांक असतात. बसून काम करणाऱ्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्था १६६० सांगते (मी बसून काम करत नाही, ते सोडा). पण नुसत्या भाकरीने काय होतं? आधी दूध गेलं, मग फळ, मग पालेभाजी. श्रावणात मेथीची जुडी तीस रुपयांना, म्हणजे बावन्नातले तीस तिलाच. अंडं सात रुपयांचं, तेवढं एक दिवसाआड घेतलं, आणि आमच्या घरी श्रावण पाळतात म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली. त्या स्वतः चातुर्मासात कधी एकभुक्त राहायच्या, कधी कांदा-लसूण-वांगं सोडायच्या. कमी खाण्याचं त्यांना अप्रूप नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की नेम करायचा तर गप्प करावा, वह्या कसल्या लिहिता.

दुपारी चारला भूक लागायची ती वेगळीच. संध्याकाळच्या चपात्या तव्यावर फुगत असायच्या आणि मी कोरा चहा पीत लाटत असायचे. भाजीची चव बघितल्याशिवाय ती पानात वाढता येत नाही, तेव्हा तळहातावर घेतलेला तो थेंब साठ रुपयांत धरायचा का, यावर आमच्या घरी वाद झाला. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा आला तेव्हा तर मोठाच वाद. मुलगी म्हणाली, तूप, रवा, साखर धरून बारा रुपये वहीत मांड. सासूबाई म्हणाल्या, प्रसादाची किंमत करता, लाज वाटत नाही? मांडला नाही, खाल्ला.

पाहुण्यांचं मात्र अवघड होतं. नणंद आली. दुधाचा चहा द्यायचा तर अर्धा लिटरची पिशवी आणावी लागते, तिचेच तीस-पस्तीस. मी सरळ सांगितलं, बाई गं, माझं असं असं चालू आहे. ती हसली, कोरा चहा घेतला, आणि वर कौतुक करून गेली. जिला हे रोजचंच आहे तिने नणंदेला काय सांगायचं?

आमच्या खानावळीतल्या मुलांना अर्थशास्त्राचा पेपर असतो, त्यामुळे दारिद्र्यरेषा आमच्या पंगतीत आमटीबरोबर वाढली जाते. आपल्याच पुण्यात, डेक्कनवरच्या गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा आणि साडेबावीस. नीट लक्षात घ्या, त्यांनी वर्षाचं सांगितलं. नंतर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यातला आकडा लोकांच्या तोंडी दिवसाचा झाला, शहरात ३२ आणि खेड्यात २६. मग रंगराजन समितीने २०१४ मध्ये ४७ आणि ३२ केले. या मधल्या काळात, २०१३ च्या जुलैमध्ये, काँग्रेसचे तेव्हाचे खासदार राज बब्बर यांनी मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं म्हटलं होतं. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला, पण आमच्या भिंतीवर ते कात्रण बरेच महिने होतं आणि पैसे थकवलेली मुलं त्याकडे बोट दाखवायची.

त्याच २०११ मध्ये बंगळूरमधल्या दोन शिकल्यासवरल्या तरुणांनी असंच करून बघितलं होतं. परदेशात शिकून आलेले. आधी रोज शंभर रुपयांत राहिले, आणि मग केरळमधल्या एका खेड्यात जाऊन सरकारी रेषेवर, म्हणजे २६ रुपयांत. त्यांचं मला एक पटलं. त्यांनी नुसतं खाणं धरलं नाही. बस, वीज, साबण, फोन, सगळं त्या रकमेत घातलं, आणि त्यामुळे किती लांब जाता येईल इथपासून गणित बदललं. पूर्ण वेळ डोक्यात खाण्याचाच विचार असायचा असं त्यांनी सांगितलं होतं. ते मीही सांगते. खानावळीत उभं राहून सांगते, म्हणजे बघा.

सरकार स्वतः जेव्हा ताट वाढतं तेव्हा हिशेब कसा करतं तेही पाहू. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. गिऱ्हाइकाला दहा रुपये. पण शहरात एका थाळीचा खर्च धरला पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस, वरचे सरकारने द्यायचे. त्यात तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. माझा चपातीचा गोळा पंचेचाळीस ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन चपात्यांत माझ्या मुलांचं अर्धंही पोट भरायचं नाही. तरीही पन्नास हा आकडा मला प्रामाणिक वाटतो, कारण तो केंद्र चालवणाऱ्याला परवडलं पाहिजे म्हणून काढलेला आहे. सरकारी कागदात माणसाचा अख्खा दिवस ४७ रुपयांचा आणि त्याच माणसाचं एक वेळचं ताट ५० रुपयांचं. ४७ चा आकडा २०११-१२ च्या भावांचा, म्हणजे दोन्हींत आठेक वर्षं आहेत हे मान्य, पण तेवढ्यात एवढी महागाई झाली नव्हती.

माझी बहीण बार्शी तालुक्यात शाळेत पोषण आहार शिजवते. तिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आहेत. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यातच. पैसे कमी आहेत हे कुणीही सांगेल. पण इंधन त्यात धरलेलं आहे, हे माझ्यासारखीच्या नजरेतून सुटत नाही. पावणेसात रुपयांचा हिशेब करणाऱ्यालाही चूल पेटावी लागते हे ठाऊक आहे.

माझ्या मुलांची खरी कळ इथेच आहे. खोलीवर दोघा-तिघांत शिजवून खाल्लं तर साठात छान भागतं, डब्याची गरज नाही. पण गॅस कुठून आणायचा? यांच्या भाड्याच्या खोल्यांवर घरगुती जोडणीचे कागद सहसा निघत नाहीत. पाच किलोचा छोटू सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, ही सोय चांगलीच, मात्र तो घरगुती भावाने मिळत नाही, व्यापारी भावाने मिळतो, म्हणजे ज्याच्याकडे घर नाही त्याने किलोमागे जास्त द्यायचे. रेशनचंही तसंच. जानेवारी २०२३ पासून पात्र कार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य फुकट आहे, दिवसाला १६६ ग्रॅम. कार्ड आता पुण्यातही चालतं, पण धान्य यांच्या नावावर गावीच निघतं आणि घरातले खातात. इथे उचल म्हटलं तर पोरगं म्हणणार, आईला राहू दे.

तेव्हा अशा प्रयोगांना माझा विरोध नाही, उलट घरटी एकाने करावा असं मला वाटतं. विशेषतः ज्यांना किराणा मोबाइलवर मागवायची सवय आहे त्यांनी. पण तुम्ही तो छापणार असाल तर दोन गोष्टी करा. पहिल्या दिवशी घरात काय काय होतं ते वजनासकट छापा: तेल किती, डाळी किती, सिलिंडर किती भरलेला. डबे पालथे घालून सुरुवात करणारा कुणी मिळाला तर त्याला अर्धं पान द्या.

दुसरं तुमच्या हातातलं आहे. तुमच्याकडे रोज बाजारभाव येतात, ते क्विंटलचे आणि दहा किलोंचे. त्यांच्या शेजारी एक लहानसा रकाना द्या: पेठेतल्या दुकानात पाव किलो तूर डाळ, दहा रुपयांत मिळणारं तेल किती ग्रॅम, पाच रुपयांची चहापुडी किती ग्रॅम, आणि छोटूचा किलोमागे दर घरगुती सिलिंडरच्या दराशेजारी. आठवड्यातून एकदा दिलं तरी पुरे. बातमीदार पाठवायला जमत नसेल तर दर शनिवारी मी भाव कळवीन, दुकान माझ्या दारात आहे.

आपली,
नवी पेठेतली एक खानावळवाली, पुणे

(नाव छापू नये ही विनंती. डबा दोघांत लावणारी मुलं ओळखतील.)

ता. क. : हे लिहून मुलीकडे टाइप करायला दिलं, त्यात आठवडा गेला. मेथी तीसवरून पंधरावर आली आहे, अंडं मात्र वाढलं. वरचे भाव आषाढ-श्रावणातले आहेत असं खाली एका ओळीत टाकावं.